तांदळातलं तिसरं नाव

इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या फाटकांकडे एक रीत होती, आणि ती थेट पुण्याहून विमानात बसून आली होती. घरात येणाऱ्या सुनेला नदीचं नाव द्यायचं. का, म्हणून विचारायची सोय नव्हती. थोरल्या जाऊबाई गोदावरी, मधल्या कृष्णा आणि धाकट्या यमुनाबाई. यमुनाबाईंच्या मुलाने, अतुलने, जपानी मुलगी पसंत केली तेव्हा त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बरं बाबा, निदान रीत तरी पाळू या." लग्न लागलं, स्टीलच्या ताटात तांदूळ पसरले आणि अतुलने सोन्याच्या अंगठीने त्यात 'शरयू' असं लिहिलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मुलीने वाकून नमस्कार केला. "बघा, एका शब्दाने कुरकुर नाही!" यमुनाबाई पुढे महिनाभर येईल त्याला सांगत होत्या.

अहो, कुरकुर करायची तिला सवयच नव्हती. हे कळायला यमुनाबाईंना बारा वर्षं लागली.

मुलीचं खरं नाव चिहारु निशिनो. वडील मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. ती सहा वर्षांची असताना त्यांची इंग्लंडला बदली झाली आणि पाच वर्षं ती नॉटिंगहॅमच्या शाळेत शिकली. जपानात मात्सुयामाला परत गेली ती अस्सल नॉटिंगहॅमी हेल काढून इंग्रजी बोलत. गळा देवाने दिलेला. सोळाव्या वर्षी टोकियोच्या एका रेकॉर्ड कंपनीने तिला उचललं. ते म्हणाले, चिहारु फारच घरगुती वाटतं, आजपासून तू रुना. गाणं जपानी, पण ध्रुवपदात दोन ओळी इंग्रजी हव्यातच, कारण तिकडे ते झोकात दिसतं. केस निळे, फ्रॉक पांढरा. दोन गाणी अशी चालली की विचारू नका.

तेविसाव्या वर्षी लंडनच्या कंपनीने बोलावलं. ते म्हणाले, रुना कोणाच्या लक्षात राहणार? तू लिली. गाणं इंग्रजी, पण मध्ये दोन ओळी जपानी टाक. आणि हो, उच्चार इतके चोख नकोत, थोडं जपानी वाटू दे की! नॉटिंगहॅमात वाढलेल्या पोरीला लंडनमध्ये मोडकं इंग्रजी शिकवलं, आता बोला! तिने तेही केलं. रेकॉर्ड आली आणि आपटली. टोकियोवाले म्हणाले, ही आता इंग्रजांची झाली. लंडनवाले म्हणाले, आवाज छान आहे, पण शेवटी जपानीच की. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय!

मग ब्रिस्टलला एका मित्राच्या लग्नात तिला अतुल भेटला. ती गोष्ट अतुल कोणालाही न विचारता सांगतो, म्हणून इथे नको. आता ती त्रेचाळीस वर्षांची आहे आणि रीडिंगच्या एका प्रायमरी शाळेत संगीत शिकवते. शाळेत ती मिसेस फाटक, घरात शरयू, नऊ वर्षांच्या सियाची आई आणि अतुलची 'लव्ह'. चिहारु म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, मात्सुयामाची तिची आई. दर रविवारी सकाळी टॅबलेटवर तिची हाक यायची, आणि एरवी जिना हळू उतरणारी शरयू दोन-दोन पायऱ्या गाळत खाली यायची. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात ती म्हातारी गेली. रविवारी सकाळी शरयू अजूनही लवकर उठते आणि स्वयंपाकघरात उगाच ओटा पुसत बसते.

घरात ती कधीच गायली नाही. यमुनाबाईंना गाण्याचा भारी कान. सियाच्या बारशाला त्यांनी "एक पाळणा म्हण ना गं" म्हणून गळ घातली, तर ती नुसती हसली. एवढा गळा घरात असावा आणि आपण दिवसभर मिक्सर ऐकावा, ह्याचं त्यांना फार वाईट वाटायचं. कधीतरी बाथरूममध्ये तरी गाईल, म्हणून त्या जिन्यात रेंगाळायच्या. पाण्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

तो गुरुवार हाफ-टर्मच्या, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुटीतला होता. अतुल ट्रेनने लंडनला ऑफिसात गेला होता आणि सिया मैत्रिणीकडे. यमुनाबाई टेबलाशी ताट घेऊन तांदूळ निवडत होत्या. इथल्या पाकिटातल्या तांदळात निवडण्यासारखं काही नसतं, पण हाताला सवय. समोर शरयू तासभर लॅपटॉप उघडून बसलेली. तिच्या चहावर साय धरली होती.

"काय गं, शाळेचं काही?"

"नाही, आई. टोकियोचं ईमेल आहे."

हळूहळू तिने सांगितलं. एका छोट्या कंपनीने तिची जुनी गाणी घेतली होती, रुनाचीही आणि लिलीचीही. दोन्ही भाषांतली गाणी पहिल्यांदाच एका रेकॉर्डवर येणार होती आणि शेवटचं एक नवं गाणं तिने आता गाऊन द्यायचं होतं. उत्तर उद्यापर्यंत हवं होतं, नाहीतर ते दुसऱ्या गायिकेकडे जाणार.

"अगं मग नाचायचं सोडून तोंड पाडून काय बसलीस?"

"फॉर्ममध्ये क्वेश्चन आहे. कव्हरवर नाव काय?"

"तुझं नाव!"

"कोणता?" तिने बोटं मोजली. "रुना त्यांनी दिला. लिली इथे दिला. आणि..." भली पोर, तिथे थांबली.

"शरयू मी दिलं," यमुनाबाई म्हणाल्या.

"सुंदर नाव आहे, आई. खरंच. पण शरयू कधी गायली नाही."

"आणि चिहारु?"

"चिहारुला हाक मारणारं आता कोणी नाही." तिने लॅपटॉप अर्धा मिटला. "मी नाही म्हणून कळवते. सोपं आहे."

सोपं! यमुनाबाई स्वतः लग्नाआधी कुमुद होत्या, सासवडच्या कुमुद साठे. ताटात 'यमुना' लिहिलेलं पाहून त्यांना रडू कोसळलं होतं आणि लोक म्हणाले होते, माहेर आठवलं बिचारीला. कुमुद म्हणून हाक मारणारी त्यांची आई जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. आणि हे सगळं भोगलेल्या बाईने बारा वर्षांपूर्वी तेच ताट सुनेपुढे सरकवलं होतं. वर पेढे वाटले होते! स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

"खुर्ची ओढ इकडे," त्या म्हणाल्या. तळहाताने त्यांनी तांदूळ सपाट केले. सुजलेल्या सांध्यावरून अंगठी ओढून ओढून काढली आणि सुनेच्या हातात दिली. "लिही. तुझ्या आईने ठेवलेलं. तुमच्या अक्षरात."

तिने आधी सासूकडे पाहिलं, मग ताटाकडे. दोन अक्षरं काढली, सावकाश. "हे हजार. आणि हे वसंत."

"हजार वसंत! आणि आम्ही तुला उचलून एका नदीत बुडवलं," यमुनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी घसा खाकरला आणि इतकी वर्षं रविवारी सकाळी कानावर पडलेली ती हाक जशीच्या तशी मारली, शेवट लांबवत. "चिहारुऽऽ!"

सून टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. यमुनाबाईंनी तिला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग लॅपटॉप उघडून पुढे सारला. "हं, आता कळव त्यांना."

तिने नाक पुसलं, नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

मग ती तांदूळ पुन्हा सपाट करू लागली आणि करता करता गुणगुणायला लागली. जपानी होतं, एक शब्द कळत नव्हता. आवाज जरा बसलेला होता, पण काय आवाज होता! यमुनाबाई श्वास धरून बसल्या. हललो तर ही थांबेल, अशी त्यांना धास्ती.

ती थांबलीच. ताट सासूपुढे सरकवून तिने अंगठी परत दिली. "आई, तुमचं?"

"माझं काय आता ह्या वयात!"

"लिहा ना."

यमुनाबाईंनी 'कु' काढला आणि पुढचं अक्षर आठवावं लागलं, इतकी वर्षं ते नाव लिहिलं नव्हतं. चिहारुला देवनागरी वाचता यायची, सियाबरोबर रविवारच्या मराठी वर्गात बसून शिकली होती. ती ताटावर वाकली आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने म्हणाली, "कु... मु... द. कुमुद?"

"ओ," यमुनाबाई म्हणाल्या.