मांडाजवळचा सर्व्हर

आमचे कृष्णनाथकाका लाईट गेली म्हणून कधी जेवणावरून उठले नाहीत. ते उठायचे लाईट आली की. गोव्यात आमच्या पेडण्यात वारा जरा जोरात सुटला तरी वीज जाते, त्यामुळे कमलाक्षीकाकूंना त्यांच्या ताटावर झाकण ठेवायची सवयच लागली होती.

कारण ओसरीतला जुना संगणक. घरासमोरच मांड, म्हणजे शिगम्याला, आमच्या होळीच्या सणाला, गाव जमतो ती जागा. तिथे काकांनी माईक लावला होता. ढोल-ताशे, नमन, काकांचं गाऱ्हाणं, सगळं या लिनक्सवाल्या सर्व्हरमधून बोटीवर नि आखातात गेलेल्या आमच्या माणसांच्या कानी पडायचं. वीज आली की संगणक आपला आपण चालू होई, पण आवाज पोचवणारा प्रोग्राम काकांनी कमांड दिल्याशिवाय हलत नसे.

मी त्यांची पुतणी, तनया. माझी नोकरीच संगणकाची. दर सुट्टीत सांगायचे, "काका, तो आपोआप सुरू जायत असा करून दितंय."

"नाका गो बाय. हात लावल्याशिवाय काय सुरू जायना."

डिचोलीला खाणीच्या ऑफिसात सारी नोकरी त्यांनी तशीच केली. बाहेर लाल धुळीने माखलेले ट्रक रांगेत, आणि आत काका हात धुऊन, कळफलकाला नमस्कार करून वजनकाट्याचा संगणक सुरू करताहेत, हे मी लहानपणी पाहिलंय. आता खाण बंद, काटा गंजला. तरी ती धूळ आठवली की मला घरी आल्यासारखं वाटतं.

गाऱ्हाण्याचंही तसंच. देवाला साकडं घालायचा मान आमच्या घराण्याचा, आणि काका ते कुणाला शिकवत नसत. मुलगा रुद्रेश चांगला मोठा बाप्या झाला, तरी त्याचं काम गर्दीत उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणण्याचंच.

यंदा शिगमो दोन-अडीच महिन्यांवर असताना काकांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरात सगळेच हळू बोलू लागले. काकांनी मला बोलावून घेतलं.

"तो आपोआप कसो सुरू करूचो, ता माका शिकय."

वीज आल्यावर संगणकाने स्वतःच काय सुरू करायचं, ती सर्व्हिसची फाईल त्यांनी माझ्यासमोर लिहिली. मग मेन स्विच पाडून पुन्हा वर केला. संगणक उठला, प्रोग्राम उठला आणि लगेच आपटला. राऊटर अजून डोळे चोळत होता, नेटवर्क आलंच नव्हतं, आणि हा आधीच धावत सुटला. आधी कोण, मागून कोण, ते काकांनी लिहिलंच नव्हतं.

मी कशाला सोडते! "काका, गाऱ्हाण्यात एका देवाचो मान चुकलो तर तुमी गाव डोक्यार घेतात. आनी हय मानपानच इसारलात?"

काका खोकला येईपर्यंत हसले. आधी नेटवर्क, मग प्रोग्राम, अशी ओळ घातली. पुन्हा स्विच. या वेळी सगळं आपापल्या पाळीने उठलं. काका मांडीवर हात ठेवून नुसते बघत राहिले. त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

मग म्हणाले, "रुद्रेशाक हाक मार."

ऑपरेशनपर्यंत रोज संध्याकाळी बापलेक गाऱ्हाणं घेऊन ओसरीत बसायचे. आधी भूमीचा देव, मग गावचा, मग घरचा.

शिगम्याला रुद्रेश नारळ घेऊन मांडावर उभा राहिला. काका गर्दीत, गळ्याला पांढरी पट्टी. गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं आणि लाईट गेली. रुद्रेश अडखळला, पण थांबला नाही. थोड्या वेळाने लाईट आली, तसे काका सवयीने घराकडे वळले. मी त्यांचा हात धरला आणि माझा फोन त्यांच्या कानाला लावला. फोनातून, कुणी कमांड न देताच, रुद्रेश बोलत होता. काका परत फिरले.

"जेच्या आवाजान इतकी वर्सां तुका हाक मारली," रुद्रेश म्हणाला, आणि ही ओळ कुणी त्याला शिकवलेली नव्हती, "त्या माणसाची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव ओरडला.

काकांचेही ओठ हलले.