बिनखुणेची भाकरी

वहिनी गेल्याचं मला कळलं तेव्हा मी भुकेवर भाषण करत होतो. कुर्डुवाडीच्या रेल्वे वसाहतीत, लिंबाच्या झाडाखाली, तीस-चाळीस कामगारांपुढे. रेशनवर धान्य का मिळत नाही आणि कुणाची कोठारं भरलेली आहेत, हे मी रंगात येऊन सांगत होतो. स्टेशनातला ओळखीचा कारकून सायकलवरून आला, माझं बोलणं संपेपर्यंत बाजूला उभा राहिला, सगळ्यांबरोबर त्यानं टाळ्याही वाजवल्या. मग जवळ येऊन म्हणाला, "सोलापूरहून फोन होता. तुमच्या वहिनी सकाळी गेल्या. तुम्ही निघा आता." दुपारच्या गाडीत मांडीवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी बसलो होतो. वरच्या पत्रकावर मोठ्या टायपात एकच शब्द होता. उपासमार. तो मीच लिहिला होता.

त्याला आता सहा आठवडे झाले. दहाव्या दिवशी गल्लीतली माणसं जमली तेव्हा जो तो एकच शब्द बोलत होता, अन्नपूर्णा. दुष्काळात घर कसं चालवावं ते त्यांच्याकडून शिकावं, असं एका गुरुजींनी सांगितलं. लोकांनी माना हलवल्या, माझ्या वडिलांनी, तात्यांनी, डोळे पुसले. मला तेव्हाच उठून बोलायचं होतं, पण घरात सुतक होतं आणि मोठी माणसं समोर होती. म्हणून आता लिहितो. शांतावहिनी तापानं गेली असं कागदावर आहे. मी म्हणतो, ती उपाशी राहून गेली. पाच जेवणाऱ्या माणसांच्या घरात, त्यांना वाढता वाढता... आणि आम्हा पाचांपैकी एकालाही ते दिसलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दादाला विचारलं होतं, "बाईंच्या अंगात रक्तच नाही. काय खात होत्या?" दादा म्हणाला, "आम्ही खातो तेच." तो खोटं बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. वहिनी मैंदर्गीची. माहेरी कन्नड, सासरी मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. आमचे तात्या गिरणीत होते, संपांच्या काळात ते घरी पत्रकं आणायचे आणि मी अक्षरं जुळवायला शिकलो ती त्या पत्रकांवरच. वहिनीला त्या कागदांचं काही वाटत नसे. मी कॉलेजात गेलो, स्वतः पत्रकं लिहायला लागलो, तेव्हा एकदा तिला वाचून दाखवायला बसलो. ती भाकरी थापत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चांगलं हाय की. उरल्याली हितं ठेवा, भावजी. चूल पेटवायला बरी पडत्यात. तुमची शाई लई भडकती." तात्या खोकला येईपर्यंत हसले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दादाची गिरणी आधी दोन पाळ्यांवर आली, मग एका, मग फाटकाला कुलूप. मी शिकवण्या करायचो, त्यावर माझी फी जेमतेम भागे. तात्या, दादा, मी, दोन लहान पोरं आणि वहिनी. त्या दिवसापासून घर वहिनीनं हातात घेतलं, असं मी लिहिणार होतो, पण ते खरं नाही. घर तिच्या हातात आधीपासूनच होतं. फक्त आता त्या हातात काही उरलं नव्हतं.

तिची रीत अशी. सरपण महाग, रॉकेलला रांग, म्हणून चूल रोज पेटवायची नाही. तीन दिवसांच्या भाकऱ्या एकदम करायच्या, पातळ थापायच्या, निखाऱ्याच्या कडेला लावून कडक वाळवायच्या. आमच्याकडे कडक भाकरी नवी नाही, ती महिनाभर टिकते. पण ती शेंगाचटणी आणि दह्याबरोबर हौसेनं खायची गोष्ट. वहिनीनं तिच्यावर सगळा आठवडा बांधला. सोमवारी हुलग्याचं माडगं, त्यात भाकरी कुस्करायची. मंगळवारी अंबाडीचा पाला. बुधवारी नुसता ठेचा आणि कांदा. गुरुवारी तात्यांचा उपास. तो तिनं त्यांना गोड बोलून धरायला लावला होता. "देवाचं बी हुतंय, पोटालाबी आराम," म्हणाली होती. तात्या आयुष्यभर देव न मानणारे, पण त्यांनी मुकाट्यानं धरला. रेशनवर लाल मिलो, परदेशातली ज्वारी, यायला लागला तेव्हा बायका रडकुंडीला आल्या, त्या पिठाला विरी नाही, चिकटपणा नाही, थापली की भाकरी फुटायची. वहिनीनं उकळत्या पाण्यात पीठ भिजवून मळायचं काढलं. गल्लीतल्या दहा बायका आमच्या ओट्यावर बसून ते शिकून गेल्या.

तीन दिवसांच्या भाकऱ्या एकाच दुरडीत. भुकेलं पोर कधी हात घालेल, नेम नाही. म्हणून तिनं खुणा सुरू केल्या. भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला की काठाला बोट दाबायची. एक बोट तात्यांचं, दोन दादाची, तीन माझी. पोरांच्या लहान भाकऱ्यांवर नखाची रेघ. वाळून कडक झाली की खूण पक्की बसायची. ज्यानं त्यानं आपली खूण बघून घ्यायची, दुसऱ्याचीला हात लावायचा नाही. "तीन बोटं म्हंजे पुढाऱ्याची," तात्या मला चिडवायचे. "पुढाऱ्याला कायम दुसऱ्यापेक्षा एक जास्त." आम्ही हसायचो. त्या दुरडीचं आम्हाला कौतुक होतं. आमच्या घरात कुणी कुणाचा घास हिसकावत नाही, हे मी सभेत उदाहरण म्हणून सांगितलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

दुरडीच्या तळाला दोन-तीन भाकऱ्या बिनखुणेच्या असत.

आमच्या अभ्यासमंडळातले मित्र संध्याकाळी माझ्याकडे जमायचे. दोघे, कधी चौघे. दुष्काळ हा निसर्गाचा की माणसाचा, यावर आम्ही वाद घालायचो. भूक लागायची. मी आत जाऊन म्हणायचो, "वहिनी, दोघं हायत. काही हाय का?" ती म्हणायची, "हाय की. बसा म्हणावं." आणि त्या बिनखुणेच्या भाकऱ्या, वर चटणी, बाहेर यायच्या. माझ्या समजुतीनं त्या पाहुण्यांसाठी केलेल्या जादा भाकऱ्या होत्या. दुष्काळात, गिरणी बंद असताना, मिलोच्या पिठाच्या जादा भाकऱ्या. अर्थशास्त्रावर तासभर बोलणाऱ्या माझ्या डोक्यात हा हिशेब आला नाही. एक मित्र एकदा म्हणाला, "तुझ्या वहिनी आपल्याबरोबर बसत का नाहीत?" मी म्हणालो, "तिचं आधीच होतं." हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी तिला जेवताना पाहिलेलं नव्हतं, म्हणून तिचं झालं असणार, एवढंच.

त्याच वर्षी शहरातल्या एका महिला मंडळानं काटकसरीच्या संसारावर कार्यक्रम ठेवला. आमच्या ओट्यावरची शिकवणी त्यांच्या कानावर गेली होती. अध्यक्षीणबाई मोटारीतून आल्या होत्या, त्यांच्या टेबलावर केळी आणि बिस्किटं होती. त्यांनी आधी अर्धा तास सांगितलं की सुज्ञ गृहिणी असेल तर दुष्काळ घरात शिरत नाही. मी मागच्या खुर्चीत बसून चडफडत होतो. सरकारनं आणि साठेबाजांनी केलेलं पाप यांनी बायकांच्या पदरात टाकलं, असं मी दुसऱ्या दिवशी लिहिलंही. मग वहिनीला उभं केलं. तिनं मिलोची भाकरी कशी करायची ते चार वाक्यांत सांगितलं आणि बसायला लागली. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अहो, पण एवढ्यात सगळ्यांचं भागतं कसं? गुपित सांगा की."

वहिनी पदर सावरत हसली. "गुपित कसलं. घरात एकाला भूक नसावी लागती. मग सगळ्यास्नी पुरतंय."

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षीणबाईंनी तिला नारळ दिला. आणि मी, शब्दांवर जगायचं म्हणणारा माणूस, मीही हसलो. घरी येताना मी तिला म्हणालो, "वहिनी, बाईंना चांगला टोला हाणला तुम्ही." नारळ तिनं दुसऱ्या दिवशी फोडला आणि तीन दिवस आमच्या चटणीत घातला.

तिनं भर सभेत, माईकवर, खरं सांगितलं होतं. शंभर माणसं ऐकत होती.

पुढे पाऊस झाला. गिरणी सुरू झाली, ज्वारी बाजारात दिसायला लागली. पण मागचं फेडायचं होतं, भाव खाली आले नव्हते, आणि दुरडीची रीत तशीच राहिली. आमच्या अंगवळणी पडली होती, आम्हाला काय त्रास होता? वहिनी बारीक झाली होती, पाण्याची घागर आणताना मध्ये थांबायची. "कामाची दगदग," दादा म्हणायचा. मी म्हणायचो, "वहिनी, एकदा दवाखान्यात जाऊन या." आणि बैठकीला निघून जायचो. मग ताप आला. साधा ताप, गल्लीत सगळ्यांनाच येऊन गेला. बाकीचे चौथ्या दिवशी उठले.

माझे काही जुने मित्र म्हणतात, ज्यांनी धान्य दडपलं त्यांच्यावर लिही, घरच्यांवर कशाला राग काढतोस. त्यांच्यावर मी लिहिलं आहे आणि लिहीत राहणार आहे. धान्य त्यांनी दडपलं. पण जे थोडं घरात आलं त्यात कुणी उपाशी राहायचं, हे ठरवायला कुठला व्यापारी आमच्या स्वयंपाकघरात आला नव्हता. ते कुणी न ठरवताच ठरलं होतं. बाई शेवटी जेवते, आणि शेवटी काय उरलं हे कुणी बघत नाही. या रीतीविरुद्ध मी एक ओळ लिहिलेली नाही, कारण ती रीत मला वाढत होती. आणि अन्नपूर्णा हा शब्द आता माझ्यापुढे कुणी काढू नये. त्या शब्दानं आपण तिला पुन्हा एकदा उपाशी ठेवतो.

तेराव्यानंतर वहिनीची आई पोरांसाठी राहिली. तिला आम्ही सगळे अव्वा म्हणतो. सुतकात शेजारणींनी आणून दिलेल्या भाकऱ्या संपल्या तेव्हा तिनं चूल पेटवली, परात घेतली आणि आम्हाला आत बोलावलं. लेकीच्या घरची रीत तिला मोडायची नव्हती. पहिली भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, म्हणाली, "सांगा आता. कुणाची किती बोटं?"

तात्या म्हणाले, एक. दादानं दोन बोटं दाखवली. मी तीन. पोरांनी नखाची रेघ कशी ते सांगितलं. अव्वा ऐकत होती, उलथनं तिच्या हातात तसंच होतं.

"आन माझ्या लेकीची खूण कंची हुती?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तात्या भिंतीकडे बघत होते. दादा खाली बसला. धाकटं पोर म्हणालं, "आईची नव्हती." त्याला ते साधंच वाटत होतं, जसं घराला माडी नव्हती.

अव्वानं करपलेली भाकरी उतरवून स्वतःच्या ताटलीत ठेवली. मी ती उचलून माझ्या ताटलीत घेतली. तिनं दुसरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मी म्हणालो, "अव्वा, आधी ही तुमची. बोट दाबा." तिनं माझ्याकडे बघितलं. राग होता की काय होतं, सांगता येणार नाही. मग तिनं काठाला अंगठा दाबला, चटका बसेपर्यंत.

दुरडीच्या तळाला वहिनीच्या हातच्या दोन भाकऱ्या राहिल्या होत्या. बिनखुणेच्या. दवाखान्यात जायच्या आधी केलेल्या. त्या कुणीच खाल्ल्या नाहीत, कारण त्या सहा आठवड्यांत मी एकाही मित्राला घरी आणलं नाही. आता त्या माझ्या टेबलावर आहेत, पत्रकांच्या गठ्ठ्यावर. काठ थोडा तुटला आहे, बाकी चांगल्या आहेत. हात फिरवला की सगळीकडे सपाट लागतात.