अस्वल म्हणजे काय, मावशी?

ठकूबाईला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचा होता. जयंतला हे कुणी सांगितलं नव्हतं.

जयंत मूळ पुण्याचा. गुडगावात काचेच्या इमारती उठू लागल्या, तशी त्याने ऑफिसवाल्यांना गढवालच्या जंगलात तंबूत राहायला न्यायची कंपनी काढली. स्वयंपाकाला ठकूबाई. नवरा हणमंत फौजेत होता तेव्हा तिने पाच वर्षं डोंगरातल्या छावणीत काढलेली. आता त्याचे गुडघे गेलेले, आणि दिल्लीत मुनिरक्यातली भाड्याची खोली तिच्याच पगारावर चाललेली.

"मावशी, पाहुण्यांसमोर भालूचं नाव काढायचं नाही," जयंतने निघतानाच बजावलं. "मागची पार्टी ऐकूनच पळाली. पुन्हा तो शब्द तोंडातून निघाला, तर हा तुमचा शेवटचा कॅम्प."

दिवाळी नुकतीच झालेली. थंडीआधी अस्वल पोट भरायला वणवण फिरतं, हे तिला पक्कं ठाऊक. पण या खेपेची मंडळी निघाली दिल्लीच्या मयूर विहारची, सगळी मराठी. ठकूबाई मनात म्हणाली, भालू म्हणायचं नाही ना? नाही म्हणत.

तंबू लागले आणि जयंत पाणी भरायला गेला, तसं तिने पाहुण्यांना जमवलं. "इथं अस्वल असतंय. खायचं काही तंबूत ठेवू नका, सगळं लांब उभ्या केलेल्या जीपमध्ये. दात घासायची पेस्ट आन् वासाचं तेलसुद्धा."

"बिल्कुल, मावशी," सगळ्यांनी माना डोलावल्या.

तासाभराने रुचिरा फराळाचा डबा छातीशी धरून तंबूत शिरताना दिसली. मुलगी चोवीस वर्षांची, जन्म-शिक्षण दिल्लीतलं.

"अगं, अस्वलाचं सांगितलं ना मी?"

"हो ना. पण डबा एकदम टाइट आहे, मुंगीसुद्धा जाणार नाही." रुचिरा थबकली. "अस्वल म्हणजे मुंगीसारखंच काहीतरी असतं ना, मावशी?"

ठकूबाई तडक वळली. मग चुलीपाशी गेली, झारा उचलला आणि पातेल्यावर दणादण वाजवला.

"भालू," ती म्हणाली. "अस्वल म्हणजे भालू. काळा, माणसाएवढा. बेसनाचा लाडू त्याला मैलावरून कळतो. दिसला तर पळायचं नाही, तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो. झाडावर चढायचं नाही, तो मागनं चढतो. तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरायचं. रानात एकट्यानं फिरायचं नाही, आन् चालताना मोठ्यानं बोलत ऱ्हायचं."

जयंत धावत आला. चेहरा लाल. "मावशी, मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगितलं ते ऐकलं. अस्वल ऐकत नाही."

"नोकरी गेली समजा."

"समजली. पण आजची चूल माझी. तंबूतले डबे बाहेर आल्याबिगर ती पेटायची नाही."

यार, चलो, असं पुटपुटत मंडळी उठली. तंबूंतून चकल्या निघाल्या, शंकरपाळे निघाले, एका ऑफिसरच्या उशीखालून अख्खी काजूकतली. पळून जायचं नाव मात्र कुणी काढलं नाही. उलट रुचिराच सगळ्यांच्या टूथपेस्ट गोळा करत फिरली.

एकच तंबू राहिला. ठकूबाई त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माझ्याकडे काही नाही," जयंत म्हणाला.

"तुपाचा वास येतोय, जयंतराव."

सगळे बघत होते. त्याने बॅगेच्या तळातून पितळी डबा काढला. "आईने दिलेत," तो हळूच म्हणाला.

"आईचे लाडू जीपमध्येही गोडच लागतात. मला ठेवा कामावर, नायतर नका ठेवू," ठकूबाईने हात पुढे केला. "डबा द्या इकडं."