जावई वाचला

होटगी रस्त्यावरच्या त्या मेकॅनिकला प्रत्येक वस्तूवर पान्यानं टकटक करून बघायची सवय होती. सत्तरच्या दशकात सोलापुरात हेल्मेट घालणाऱ्याकडं लोक वळून बघायचे. हा मात्र कोपऱ्यावर चहाला जायचं असलं तरी मोटारसायकलवर बसण्याआधी हेल्मेटचा पट्टा आवळायचा.

एकदा रेल्वे फाटकाजवळ माझी गाडी घसरली. डोकं जोरात आपटलं, पण हेल्मेटमुळं मला काही झालं नाही. वाकडं झालेलं हँडल घेऊन मी त्याच्याकडं गेलो. त्यानं गाडीकडं पाहिलंच नाही. हेल्मेट उलटंपालटं करून त्यावर टकटक केली.

"हे मेलं की आता. एकदा आपटलं की परत कामाचं न्हाय."

"बारीक तडा आहे हो. सासऱ्यांनी दिलंय."

त्यानं हातोडा उचलला आणि माझ्यादेखत हेल्मेटचे दोन तुकडे केले.

"सासऱ्यास्नी सांगा, जावई वाचला."

मी फुगून बसलो. हँडल सरळ झाल्यावर त्यानं स्वतःचं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं आणि पट्टा इतका आवळला, की मला आभारही मानता येईनात.

नवं हेल्मेट पुण्याहून यायला पंधरा दिवस लागले. तेवढे दिवस तो दुकानात चालत येत होता.