चौथ्या पानावरचा नियम

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं ठाऊक आहे. कॉलेजात एका पेपरला मी कॉपी केली होती, ते. वडील आजारी असताना मी मुद्दाम ऑफिसात उशिरापर्यंत बसायचो, तेसुद्धा. हे मात्र तिलाही माहीत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही, म्हणून असेल. दुसरं काही कारण मला सापडत नाही, आणि शोधायचीही इच्छा नाही.

तशी गोष्ट किरकोळ आहे. एका खेळाची. लहान मुलांचा वाटावा असा पुठ्ठ्याचा खेळ. त्यात कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही. मी स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत आलोय — पण तुम्ही पुढे ऐका.

सदाशिव पेठेत एका क्लासच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण जमतो. मुलांची बाकं जोडून टेबल करतो आणि बोर्ड गेम खेळतो. सापशिडी नव्हे. आमचे खेळ व्यापार-उदिमाचे — कारखाने काढायचे, माल पिकवायचा, कंपन्यांचे शेअर्स घ्यायचे, लिलावात एकमेकांना चढवायचं. चांगली शहाणीसुरती माणसं कागदी नोटांवरून तावातावाने भांडतात. लेलेकाकू बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी एकदा इम्रानभाईंची कंपनी अशी काही बुडवली, की ते दोन शनिवार आलेच नाहीत. इम्रानभाईंचं कॅम्पात चष्म्यांचं दुकान आहे. तिथे ते गिऱ्हाइकाशी घासाघीस करत नाहीत म्हणे. ती हौस इथे भागवतात.

आणि हेमंत. खोली ज्या क्लासची, तिथेच तो अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवायचा. किल्ली त्याच्याकडे असायची. आम्ही शाळेपासूनचे मित्र. क्लब दोघांनी मिळून सुरू केला — म्हणजे कल्पना माझी, धावपळ त्याची.

क्लबात नियम सांगायचं काम माझं. का, तर माझी नोकरीच ती. खराडीच्या एका कंपनीत मी सूचना-पुस्तिका लिहितो. यंत्र कसं जोडायचं, कुठलं बटण आधी दाबायचं. लोकांना कळेल असं लिहायचं, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे नवीन खेळ आला की पुस्तिका आधी माझ्या घरी यायची. मी वाचायचो आणि शनिवारी सगळ्यांना सांगायचो. माझ्या शब्दावर कुणी शंका घ्यायचं नाही.

आमच्यातलं कुणी स्वतःच खेळ बनवला, तर त्याच्या चाचणीची एक पद्धत होती. बनवणाऱ्याने खेळ संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खोलीत बसायचं, बघायचं, पण एक अक्षर बोलायचं नाही. नियम दुसऱ्याने वाचून सांगायचे. उद्या खेळ दुकानात गेला, तर डब्याबरोबर बनवणारा थोडाच घरोघरी जाणार आहे? आणि सांगणाऱ्याला एखादा नियम कळला नाही, तर चूक लिहिणाऱ्याची. त्यावर वाद नाही. ही पद्धत कुणी पाडली? मीच.

हेमंतने चार वर्षं खपून एक खेळ केला होता. तांब्याच्या भांड्यांचा. त्याच्या मामांचं कसबा पेठेत भांड्यांचं दुकान होतं. सुट्टीत तो तिथेच पडलेला असायचा. खेळात प्रत्येकाचं एक दुकान. पिशवीतून तांबं घ्यायचं, कारागिराकडून हंडे, घागरी, बंब घडवून घ्यायचे आणि लग्नसराई बघून विकायचे. तांब्याच्या चकत्या त्याने खऱ्या तांब्याच्या कापून घेतल्या होत्या, मामांच्या आळीतल्याच एका ओळखीच्या कारागिराकडून. कापडी पिशवीत हात घातला की त्या खुळखुळायच्या.

सगळ्या खेळाचा जीव एका नियमात होता. प्रत्येक फेरी संपली की गिऱ्हाइकं जुनी भांडी मोडीत देतात, आणि तेवढं तांबं पुन्हा पिशवीत जातं. मग खरी गंमत सुरू होते — कुणी मुद्दाम हलकी भांडी विकतं, ती लवकर मोडीत यावीत म्हणून. कुणी जड भांडी विकून दुसऱ्याचं तांबं अडवून धरतं. चौथ्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत होता तो नियम. सहावीतल्या पोराला कळला असता.

मला कळला नसेल का?

मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर मी पुस्तिका वाचली. अर्ध्यातच लक्षात आलं की खेळ चांगला आहे. नुसता बरा नाही — आम्ही इतकी वर्षं परदेशी डबे आणून खेळत होतो, त्यांच्या तोडीचा. मी पुस्तिका मिटली आणि टीव्ही लावला. काय लागलं होतं, आठवत नाही. हेमंतला फोन करावा असं एकदा वाटलं. केला नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कारण म्हणून नव्हे, नुसती घडली म्हणून. त्याआधी मीही एक खेळ केला होता. साखर कारखान्यांचा. चाचणीच्या दिवशी नियम हेमंतने सांगितले, अगदी मन लावून. तासाभरात लोक जांभया द्यायला लागले. शेवटी पट आवरता आवरता हेमंत म्हणाला, "पण नियम काय सुरेख लिहिलेत!" तो मनापासून म्हणाला होता. त्या वाक्याचा मला इतका राग आला, की आजही ते आठवलं की कान गरम होतात. त्याने माझं काय वाईट केलं होतं? काहीच नाही.

तर, तो शनिवार. बंगळूरहून एक गृहस्थ आले होते, खेळ छापणाऱ्या एका छोट्या कंपनीचे. हेमंतनेच महिनाभर मेल करून करून त्यांना बोलावलं होतं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. भिंतीजवळ खुर्ची ओढून बसला आणि पद्धतीप्रमाणे त्याने ओठांवर बोट ठेवलं. लेलेकाकू म्हणाल्या, "चला, एक दिवस तरी शांतता." सगळे हसले.

मी नियम सांगायला लागलो. पहिलं पान, दुसरं, तिसरं. चौथ्या पानावर पटाचं चित्र होतं, ते दाखवलं. खालची चौकट मी वाचली नाही. पान उलटलं आणि पाचव्यावरून पुढे सांगू लागलो.

अनवधानाने झालं, असं मी बरेच दिवस मनाशी घोळवून पाहिलं. नाही झालं. चौकट मला दिसत होती. मंगळवारपासून ठाऊक होतं की मी असं काहीतरी करणार आहे. नेमकं काय, तेवढंच ठरायचं होतं. पान उलटताना मी हेमंतकडे पाहिलं नाही. पण तो जरा पुढे झुकला, हे मला दिसलं.

तो बोलू शकत नव्हता. दोन फेऱ्या बऱ्या झाल्या. तिसरीत इम्रानभाईंनी पिशवीत हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. आता कुणालाच काही घडवता येईना. सगळे नुसते आपापली पाळी पुढे ढकलू लागले. लेलेकाकूंनी घड्याळाकडे पाहिलं. "अहो, तांबं संपलं म्हणजे दुकानं बंद. आता काय, शटर ओढून घरी जायचं?" बंगळूरचे गृहस्थ मराठी जेमतेम समजणारे, तेही हसले. हेमंत भिंतीजवळ दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता. पद्धत म्हणजे पद्धत. त्याने ती शेवटपर्यंत पाळली.

खेळ संपवल्यावर चर्चा. इम्रानभाई म्हणाले, "तांबं परत यायला पाहिजे ना कुठून तरी? लोक जुनी भांडी देतातच की दुकानात." तेव्हा हेमंतला बोलायची मुभा मिळाली. तो माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तो नियम आहे त्यात. चौथं पान."

मला कबूल करता आलं असतं. 'राहिलाच की सांगायचा,' एवढंच म्हणायचं होतं. लोक चार शिव्या घालून विसरले असते. मी म्हणालो, "आहे, पण इतकं गुंतागुंतीचं लिहिलंयस, की मला काही बोध झाला नाही. म्हणून सोडला."

पुस्तिका टेबलावरच होती. कुणीही उघडून बघू शकलं असतं. कुणी बघितली नाही. लेलेकाकू म्हणाल्या, "ह्यांना कळलं नाही तर आपल्याला काय कळणार!" आणि विषय संपला. बंगळूरच्या गृहस्थांना बस गाठायची होती. नियम पुन्हा लिहा आणि पाठवा, मी नक्की बघेन, असं ते हेमंतला म्हणाले. चांगला माणूस होता.

हेमंतने माझ्याकडे पाहिलं का? पाहिलं. त्याला संशय आला असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. आला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "माझ्याच लिहिण्यात गोंधळ झालेला दिसतोय." आणि चकत्या गोळा करू लागला.

त्या रात्री मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही — तसं झालं होतं. बधिरपणा तासाभराने उतरतो. हा उतरला नाही. मला तेव्हाही काही वाटलं नाही, आणि हे सांगतानाही फारसं काही वाटत नाहीये. खोटं कशाला बोलू?

हेमंतने नियम पुन्हा लिहिले. मला पाठवले: 'आता बघ, कळतंय का.' मी कळवलं, अजून जड वाटतंय. त्याने परत लिहिले, चित्रं काढून. मी म्हणालो, चित्रांनी आणखीनच घोळ होतोय. असं किती वेळा झालं, ते मी मोजलं नाही. दर वेळी लिखाण खरोखरच थोडं बिघडत गेलं — जी गोष्ट एका ओळीत सांगून झालेली असते, ती माणूस आणखी किती वेळा सांगणार? शेवटी त्याने पाठवायचं थांबवलं. बंगळूरला काहीच गेलं नाही.

इथवरचं सगळं एका खेळापुरतं होतं. इथे थांबलं असतं, तर कदाचित मी हे तुम्हाला सांगितलंही नसतं.

दीडेक वर्षाने एकदा क्लासखालच्या अमृततुल्यात आम्ही चहा घेत होतो. हेमंत म्हणाला, "एक विचारू? खरं सांग हं. हल्ली पोरं मागच्या बाकावर फोन बघत बसतात. आधी मला वाटायचं, पोरांचंच लक्ष नाही. आता वाटतं, मलाच सांगता येत नाही. तुझं तर कामच हे. मी समजावतो ते कळतं का रे?"

त्याच्या वर्गाला पोरं हडपसरहून दोन बस बदलून येत होती. त्याने शिकवलेली माणसं रस्त्यात थांबून त्याच्या पाया पडत, मी स्वतः पाहिलंय. सगळं एका वाक्यात निस्तरायची संधी त्याने स्वतःच आणून माझ्या हातात दिली होती. आणि कुणी ऐकतही नव्हतं — आम्ही दोघंच.

मी म्हणालो, "कधी कधी जरा गुंता होतो तुझा."

का म्हणालो? 'छान सांगतोस' म्हटलं असतं, तर त्याने चौथ्या पानाचं विचारलं असतं, ही भीती होती का? असेल. पण खरं सांगायचं तर मी तेवढाही विचार केला नव्हता. सवयीने बोलून गेलो.

तो म्हणाला, "मला वाटलंच."

पुढच्या वर्षी त्याने शिकवणं सोडलं. वैशालीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा मला फोन आला. "भावजी, तुमचं ऐकतात ते. तुम्ही तरी सांगा ना. घरीसुद्धा हल्ली बोलत नाहीत, मला जमत नाही सांगायला म्हणतात." बघतो, म्हणालो मी. बघितलं नाही. आता तो एका सीएच्या ऑफिसात बसून जीएसटीची विवरणपत्रं भरतो. तिथे कुणाला काही समजावून द्यावं लागत नाही, हे बरं आहे, असं त्याने मला सांगितलं.

शनिवारी तो अजून येतो. माझ्याच शेजारी बसतो. खेळतो चांगला, पूर्वीसारखाच. पण आपली चाल तो तोंडाने सांगत नाही. पटावर बोट ठेवतो — हे घेतलं, इथे विकलं. समोरच्याला नाही कळलं आणि त्याने विचारलं, तर हेमंत माझ्याकडे बघतो, आणि त्याला काय म्हणायचंय ते मी सांगतो.