अडीच की तीन इंची

गाडीचा सायलेन्सर बदलायला तिच्याकडे येणाऱ्या माणसाला वाटायचं, ही आता इंजिन कुठलं ते विचारेल, टर्बो केवढा बसवलाय ते विचारेल, किती ताकद काढायचीय ते विचारेल. हे सगळं ती विचारायची, पण मागाहून. आधी काळ्या झालेल्या फडक्याला हात पुसत पुसत तिचा एकच सवाल असायचा.

"गाडीत कोण कोण बसणार?"

गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. एकदा एक दातांचे डॉक्टर आपली नवी कोरी टर्बोवाली स्पोर्ट्स कार घेऊन आले होते. ते भडकलेच. म्हणाले, बाई, मी सायलेन्सर बदलायला आलोय, खानेसुमारीला नाही. त्यावर तिने शांतपणे त्यांच्या बायकोकडे बघितलं. ती बिचारी शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मग तिने डॉक्टरांना समजावलं, की साध्या इंजिनाला उगाच मोठी नळी लावली तर धुराचा वेग मंदावतो आणि गाडीचा खालचा जोर जातो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं चाक, त्याचं मात्र उलट असतं. टर्बोच्या मागची वाट जितकी मोकळी, तितकं त्याचं चाक लवकर फिरायला लागतं. त्याला मागून कुणी अडवलेलं खपत नाही. तेव्हा तीन इंची नळी टाकली तर गाडी सुटेल, यात वाद नाही. पण तीच नळी गाडीच्या पोटाखाली लोंबेल, रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याला घासेल, आणि एका ठरावीक वेगाला आत अशी घूंऽऽ भरेल की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येणार नाही.

"चालेल की," डॉक्टर म्हणाले.

"मला पण," त्यांची बायको म्हणाली.

शेवटी अडीच इंची बसली, मध्ये आवाज गिळणारा डबा टाकून. दोघं अजून एकत्र आहेत असं ऐकिवात आहे.

हा सवाल मुळात तिच्या वडिलांचा. नळी इंजिनासाठी नसते, माणसांसाठी असते, असं ते म्हणायचे आणि मग तासभर काहीच बोलायचे नाहीत. ते गेले तेव्हा दुकान तिच्याकडे आलं. खाली लांबट, अरुंद गाळा, त्यात गाडी उचलायची एकच लिफ्ट, भिंतीला लागून मापामापाच्या नळ्या उभ्या. वर दोन खोल्या. तिथे ती आणि आई. आईचे गुडघे कामातून गेलेले आणि कानही तसेच. जिना उतरायचा म्हणजे तिला देवाचं नाव घ्यावं लागायचं. पस्तिशीला टेकलेल्या आपल्या मुलीचं काय होणार, ही काळजी मात्र तिला हल्ली उरली नव्हती. कारण समोर फिरकी होता.

फिरकी म्हणजे रस्त्यापलीकडचा टर्बो दुरुस्त करणारा. दिवसभर त्याच्या हातात ते पंख्यासारखं चिमुकलं चाक, म्हणून फिरकी. शिवाय तो सगळ्यांची फिरकी घ्यायचा, म्हणूनही. तिला तो मास्तरीण म्हणायचा. तिच्या आईला सरळ आईच म्हणायचा, आणि आई त्याचं बोलणं निघालं की "आपला तो" म्हणायची. वरून चहा यायचा तो दोन कपांत.

काम दोघं मिळून करायचे. नळी जोडायची पद्धत अशी, की आधी ती गाडीखाली हवी तशी धरायची, मग वेल्डिंगचे दोन-चार टाके मारायचे, आणि सगळं नीट बसलंय असं दिसलं की मगच खाली काढून पुरतं जोडायचं. टाके मारताना धरणारा माणूस केसभर हलला तरी नळी कायमची वाकडी. बाकी कुणी धरलं की ती तीनदा ओरडायची. फिरकीवर कधी ओरडावं लागलं नाही. ठिणग्या बाहीवर पडल्या तरी तो हात हलवायचा नाही. नंतर शर्टाची भोकं दाखवून म्हणायचा, बघ मास्तरीण, हे मी तुझ्यासाठी सोसतो. ती म्हणायची, जाड शर्ट घाल.

अपघातात चेंबलेली एक दोन दारांची स्पोर्ट्स कार दोघांनी मिळून भंगारातून उचलली होती. सुट्टीच्या दिवशी दोघं तिच्यावर राबायचे. पत्रा सरळ केला, इंजिन उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. लोक चेष्टा करायचे, की यांच्या गाडीच्या आधी म्हातारपण येईल. तर शेवटी एकदाचा फिरकीने गाडीला मोठा टर्बो बसवला आणि म्हणाला, मला आठवडाभर कामासाठी बाहेर जायचंय. तेवढ्यात नळी तू कर. अडीच की तीन, ते तू बघ, तुला कळतं.

आणि इथे ती चुकली. परक्या दातांच्या डॉक्टरला विचारलेला सवाल तिने त्याला विचारला नाही. विचारायचं काय त्यात? त्या गाडीत कोण कोण बसणार ते तिला ठाऊक होतं. तळ्याच्या कडेने जाणारा लांबचा रस्ता ठाऊक होता, काच किती खाली घ्यायची तेसुद्धा ठरलेलं होतं. तिने अडीच इंची घेतली. मध्ये मावेल तेवढा लांब डबा टाकला. शेजारच्या सीटपासून नळी दूर ठेवली, पाय भाजायला नकोत म्हणून. आठवडाभर ती जेवायला वरही गेली नाही धड. नळीचा एकेक बाक असा फिरवला की हात फिरवावासा वाटावा.

फिरकी आला, दोघं चक्कर मारायला निघाले. गाडी मांजरीसारखी गुरगुरत होती. खिडक्या बंद केल्या तर कुजबुजही ऐकू आली असती. तिने त्याच्याकडे बघितलं. तो टर्बोचा जोर दाखवणाऱ्या बूस्टच्या काट्याकडे बघत होता.

"उशीर होतोय," तो म्हणाला. "काटा उशिरा चढतोय. कोंडल्यासारखी वाटतेय गाडी."

ती म्हणाली, थोडा होणारच, पण आवाज बघ ना किती छान आहे. तो म्हणाला, आवाज छानच आहे. मग गाडी बाजूला घेऊन त्याने इंजिन बंद केलं, आणि स्टिअरिंगवरचा नसलेला डाग अंगठ्याने पुसत राहिला. त्याने जे सांगितलं ते एवढंच, की आठवडाभराचं काम म्हणजे मुलाखत होती. एका शर्यतीच्या संघाने त्याला घेतलं होतं. लांब, परक्या मुलखात. गाडी तो सोबत नेणार होता, कारण नव्या मालकाला आपल्या हातचं काम धावून दाखवायचं होतं. शनिवारी तिथे ट्रॅकवर हजर व्हायचं होतं. हीच नळी राहिली तर तिथे सगळ्यांसमोर हसं व्हायचं.

आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोलून जिभेला वळण लागलेलं. तिने विचारलं, "गाडीत कोण कोण बसणार?"

तो हसायला गेला. "मलाही विचारणार?"

"सगळ्यांना विचारते."

त्याने पुन्हा अंगठा स्टिअरिंगवर घासला. मग म्हणाला, "मी एकटा."

"मग तीन इंची," ती म्हणाली. "सरळ, डब्याशिवाय. पण ती शेजारच्या सीटच्या पायाखालून जाईल. तिथला पत्रा तापेल."

"तिथे कुणी बसणार नाही. सीट काढूनच टाकतोय मी. वजन कमी."

परतीच्या वाटेवर ती त्याच सीटवर बसून आली.

दुकानात गाडी लिफ्टवर चढल्यावर मात्र तिला राहवलं नाही. पाठ त्याच्याकडे करून नळ्यांमधून तीन इंची शोधत तिने विचारलं, की मला कधी सांगणार होतास. तो म्हणाला, सांगणारच होतो, तुझं तोंड बघितलं की धीर व्हायचा नाही. ती म्हणाली, वा, म्हणजे चूक माझ्या तोंडाची.

"तू आली असतीस?" त्याने विचारलं.

"ते मी सांगितलं असतं."

"आईला सोडून?"

"तेही मीच सांगितलं असतं ना. तू विचारायचं होतंस."

पण तिलाही आपण खरंच काय सांगितलं असतं ते कळेना, आणि आता ते कधीच कळणार नव्हतं. याचंच तिला जास्त लागलं. नकार द्यायला मिळाला असता तरी चाललं असतं.

अडीच इंची नळी तिने स्वतः कापली. ग्राइंडरच्या आवाजात रडता येतं, कुणाला कळत नाही. ठिणग्यांसाठी चष्मा असतोच. कापलेली नळी कोपऱ्यात गेली. ती दुसऱ्या कुठल्याच गाडीला बसणारी नव्हती, कारण प्रत्येक गाडीचं पोट वेगळं. त्याने पाना घेऊन शेजारची सीट सोडवली आणि दाराजवळ भिंतीला टेकून ठेवली. म्हणाला, ठेव तुला, स्टूल मोडलंय तुझं.

तीन इंची वाकवायला घेतली तेव्हा तिच्या मनात एक गोष्ट येऊन गेली. नळी वाकवायची दोन प्रकारे. आत आधार ठेवून वाकवली की बाकातही ती पूर्ण गोल राहते. आधार न ठेवता वाकवली की बाकापाशी चेपते, आणि बाहेरून तीन इंची दिसणारी नळी आतून जेमतेम अडीचची होते. गाडीखाली, वरच्या अंगाला, दिसत नाही अशा जागी एकच बाक चेपलेला राहिला असता तर शनिवारी काटा उशिराच चढला असता. कुणाच्या बापाला कळलं नसतं. मालकाने नाक मुरडलं असतं, आणि कदाचित, कदाचितच, रविवारी रस्त्यापलीकडचं शटर पुन्हा उघडलं असतं. ती नळी हातात घेऊन उभी राहिली. फिरकी तिच्याकडे बघत होता. त्यालाही बाक चेपणं म्हणजे काय ते माहीत होतं, आणि तो एक शब्द बोलला नाही.

तिने आत आधार घातला आणि नळी वाकवली.

मग दोघं गाडीखाली उभे राहिले.

"धर," ती म्हणाली.

"धरलंय."

"हलू नकोस."

तो हलला नाही. टाके पडत गेले. ठिणग्या त्याच्या बाहीवर पडल्या. तो शर्टाबद्दल काहीही म्हणाला नाही, आणि तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मधे थांबून त्याची बाही झटकली. त्याने डोळे मिटून घेतले. नंतर नळी खाली उतरवून तिने ती पुरती जोडली, पुन्हा चढवली, आणि एकेक सांध्यावरून हात फिरवून कुठे फट राहिली नाही ना ते बघितलं. कुठेच राहिली नव्हती. तिने आजवर केलेल्या कामात हे सगळ्यात चांगलं होतं, हे दोघांनाही समजलं.

काम झालं की चक्कर मारायची, आणि नळी करणाऱ्याने शेजारी बसून ऐकायचं, हा त्या दुकानाचा नेम. पण शेजारी बसायला आता जागाच नव्हती. फिरकी म्हणाला, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतो, मग आईला भेटून निघतो. तिने मान डोलावली, आणि जिन्यातून आईला ओरडून तसं सांगितलं.

गाडी सुरू झाली तशी समोरच्या दुकानाच्या काचा थरथरल्या. फिरकीचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. असा उजळलेला तिने तो कधीच बघितला नव्हता, आणि तो तिच्याच हातांनी उजळला होता. त्याने तिच्याकडे बघून बोटाने काटा दाखवला, आणि तो गेला.

जिन्यावर देवाचं नाव ऐकू आलं. आई एकेक पायरी मोजत उतरत होती, हातात झाकण घातलेला कप. आपला तो निघाला म्हणे, चहा तरी घेऊन जाऊ दे. बसायला काही आहे का म्हणून तिने इकडेतिकडे बघितलं, भिंतीला टेकलेली सीट दिसली, आणि ती तिच्यात अलगद टेकली.

"बरी मऊ आहे गं," ती म्हणाली. "कुणाची?"

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. दुसरा गिअर. तिसरा. टर्बोची शिट्टी अगदी वेळेवर चढली, कुठे अडली नाही, कुठे कोंडली नाही. टाकीपाशी आवाज खाली आला. आता वळेल. आवाज तिथेच रेंगाळला. अडीच इंची असती तर गाडी कोपऱ्यावरच ऐकू यायची थांबली असती. ही तीन इंची, हिचं उभं राहणंसुद्धा ऐकू येत होतं. ती नखाने दाराच्या चौकटीचा रंग खरवडत राहिली. आवाज बराच वेळ एका जागी घुमला. मग पहिला गिअर पडला. आवाज चढला, पण जवळ आला नाही. पूल लागला तसा तो पोकळ झाला. पुलापलीकडे मोठा रस्ता होता, आणि मोठ्या रस्त्यावर चौथा गिअर.

आईने चहावरचं झाकण नीट केलं. तिच्या कानांना यातलं काहीच पोचत नव्हतं. ती मुलीच्या पाठीकडे बघत होती.

"गेला का गं?"

"अजून नाही," ती म्हणाली. "अजून ऐकू येतोय."