पिसोळीनं चोरलेली नीज

तर पिसोळीनं निजेचं मडकं काखोटीला मारलं आणि ती माळशेजचं धुकं उतरायला लागली, इथंच थांबलो होतो ना आपण? थांबली होती खरी कुणाली. धसईजवळच्या भेंडीच्या मळ्यात माल न्यायला आलेल्या टेम्पोचा हॉर्न वाजला, की तिची गोष्ट असेल तिथं थांबायची.

कुणाली मुरबाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांसाठी ती जादूची कादंबरी लिहीत होती, आणि लिहिलेलं पान आधी जायचं ते भेंडी तोडणाऱ्या बायांच्या कानावर. भेंडी खाजते म्हणून हातात जुने मोजे चढवून बाया ओळी धरायच्या, आणि गोष्ट त्यांच्यामधून चालायची. घाटाच्या धुक्यात एक गाव आहे. सगळ्या मुलखाची नीज तिथं मडक्यांत भरून ठेवलेली. पिसोळीचं गाव वर्षभर झोपलं नव्हतं, म्हणून तिनं एक मडकं चोरलं. तिचं गाव निजलं, पण धुक्यातली तान्ही पोरं तेव्हापासून टक्क जागी. मडक्यांची राखण करणारी उजी हे सगळं बघत होती. तिनं हाक मारली नाही. चोराचे डोळे तिला आवडले होते.

"तिला कोंडून घाल," सरिताकाकी म्हणायची. "पोरांची झोप नेते म्हंजे काय? नायतर कुना राजपुत्राशी लगीन लावून दे, सुधरंल."

कुणाली हसायची, पण शेवटच्या पानाशी तिचा हात अडला होता. पिसोळी अर्धी नीज परत नेते आणि उजीबरोबर संसार मांडते, हे तिनं लिहिलं होतं ते दिपिकाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून. दिपिका मुरबाडला शिवणकाम करायची, रविवारी एसटीनं यायची. बायांच्या लेखी ती नुसती मैत्रीण. हे पान वाचलं तर दोघींचं नातं मळ्यातल्या प्रत्येकीला कळणार होतं. म्हणून वहीत राजपुत्राच्या लग्नाचं पानही तयार होतं.

त्या सकाळी कोवळं ऊन भेंडीच्या पिवळ्या फुलांवर पडलं होतं, आणि फुलंही अजून झोपेत असल्यासारखी दिसत होती. म्हातारी सकुबाई बांधाच्या दगडावर भात ठेवत होती.

"ह्यो कुनाला गो आजी?" कुणालीनं विचारलं.

"पिसोळीला. पळून पळून भुकी आसंल. आन् दोन मुठी ठेवल्या. उजीबी आसंल ना संगती."

कुणालीनं राजपुत्राचं पान उलटलं आणि पुढचं, पिसोळी-उजीचं वाचलं. हॉर्न वाजला, कुणी जागचं हललं नाही.

"म्हंजे दोघी पोरीच? नवरा-बायकोसारख्या?" सरिताकाकीनं विचारलं.

"हो काकी."

"आन् चोरीची शिक्षा?"

"धुक्यातल्या पोरांना रोज तीच निजवते आता. जन्मभर."

"तशी बरी हाय मग," म्हणत काकी पाटी उचलायला वाकली.

सकुबाईनं मात्र हातातला मोजा काढला आणि कुणालीकडं निरखून बघितलं. "दिपिका एसटीतून उतरते तवा तू बघतेस ना, तशीच बघते गो तुजी पिसोळी उजीकडं. ती तूच ना?"

काकी वाकलेली तशीच राहिली. कुणालीनं वही मिटली आणि म्हणाली, "चोरी मी नाय केली, आजी. बाकी सगळं माजंच हाय."